पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे (जन्म : वर्धा, ७ नोव्हेंबर १८८४; मृत्यू : नागपूर, २२ जानेवारी १९६७) हे भारतीय क्रांतिकारक, गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक आणि मेक्सिकोत दीर्घकाळ काम केलेले कृषिशास्त्रज्ञ होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हिंदी मजुरांची सशस्त्र संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. १९२४ पासून मेक्सिकोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक म्हणून काम करताना त्यांनी मका, गहू, कडधान्ये आणि रबर या पिकांवर संशोधन केले. तेथील कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी अवर्षण आणि थंडी सोसणारे वाण तयार करणे आणि त्यांच्यासाठी मोफत शेतकी शाळा चालवणे हे त्यांचे मेक्सिकोतील मुख्य कार्य होय. विदर्भात ते डॉ. खानखोजे या नावाने ओळखले जातात.

बालपण आणि शिक्षण

खानखोजे यांचे वडील वर्ध्यास अर्जनवीस होते. आजोबांनी १८५७ च्या उठावात भाग घेतला होता, अशी आठवण घराण्यात सांगितली जाई आणि ती ऐकतच पांडुरंगाचे बालपण गेले. प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा पहिला भाग वर्ध्यास झाल्यावर ते पुढील शिक्षणासाठी नागपूरला आले. नागपूर त्या काळी मध्य प्रांतातील राजकीय घडामोडींचे केंद्र होते. लोकमान्य टिळकांच्या विचारांचा तेथील तरुणांवर मोठा पगडा होता आणि वंगभंगानंतरच्या स्वदेशी व बहिष्काराच्या वातावरणात तो अधिकच वाढला. शाळकरी वयातच खानखोजे गुप्त मंडळ्यांकडे ओढले गेले.

त्यांचे बालपण ज्या भूभागात गेले तेथे दुष्काळ नवा नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाले. दुसऱ्या दुष्काळाच्या वेळी खानखोजे पंधरा-सोळा वर्षांचे होते. पुढे शस्त्रविद्येबरोबरच शेतीशास्त्राचाही अभ्यास करावा असे त्यांना का वाटले, याचे उत्तर शोधताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही. त्यांच्या चरित्रकारांनी क्रांतिकारक खानखोजे आणि शेतीतज्ज्ञ खानखोजे अशी दोन माणसे रंगवली आहेत. खुद्द खानखोजे यांच्या दृष्टीने मात्र इंग्रजी राज्य आणि उपाशी कुणबी हा एकच प्रश्न होता.

परदेशगमन आणि गदर चळवळ

१९०६ च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर असताना, खानखोजे यांनी देश सोडला. लष्करी शिक्षण मिळवून परत यावे आणि सशस्त्र उठाव उभारावा हा त्यामागील हेतू होता. जपानमार्गे ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झालेले ते शहर तेव्हा नव्याने उभे राहत होते. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत त्यांनी तेथे शिक्षण घेतले. कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील माउंट टमालपाइस लष्करी विद्यालयात त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि पुढे ऑरेगन राज्यातील कोर्व्हॅलिस येथील शेतकी महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्यानंतर अमेरिकेतील अन्य विद्यापीठांतही त्यांचे कृषिशिक्षण झाले.

ऑरेगनमध्ये कोलंबिया नदीकाठच्या लाकूड गिरण्यांत पंजाबातून आलेले शेकडो मजूर काम करीत. त्यांतील बरेचसे शीख होते आणि काहींनी पूर्वी ब्रिटिश सैन्यात नोकरी केली होती. १९०७ मध्ये बेलिंगहॅम येथे आणि १९१० मध्ये पोर्टलंडजवळील सेंट जॉन्स येथे या मजुरांवर गोऱ्या जमावाने हल्ले केले. आपल्या पाठीशी उभे राहणारे सरकार नाही हे या मजुरांना तेव्हा कळून चुकले. खानखोजे त्यांच्यात मिसळले. सोहनसिंग भकना यांच्यासारख्या पुढाऱ्यांबरोबर त्यांनी पोर्टलंड परिसरात संघटना बांधण्यास सुरुवात केली. एक वैदर्भीय ब्राह्मण तरुण पंजाबी शेतकऱ्यांच्या वस्तीत राहतो, त्यांच्याबरोबर जेवतो, त्यांना कवायत शिकवतो, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हती.

१९१३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी संघटना स्थापन झाली. भकना अध्यक्ष आणि लाला हरदयाळ चिटणीस होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून तिचे गदर हे उर्दू साप्ताहिक निघू लागले आणि त्याच्याच नावाने संघटना ओळखली जाऊ लागली. संघटनेत प्रचाराचे काम आणि प्रत्यक्ष लढ्याची तयारी असे दोन भाग होते. लढ्याच्या तयारीचा भाग खानखोजे यांच्याकडे होता. कर्तारसिंग सराभा आणि पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे याच चळवळीतील त्यांचे सहकारी. महायुद्ध सुरू होताच सराभा आणि पिंगळे समुद्रमार्गे हिंदुस्थानात गेले. उठावाचा बेत फुटला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी दोघांना लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. खानखोजे पश्चिमेच्या वाटेने निघाले होते, म्हणून ते वाचले.

इराणमधील मोहीम

तुर्कस्तानातून इराणमध्ये शिरावे, तेथून बलुचिस्तानच्या सरहद्दीपर्यंत पोहोचावे आणि ब्रिटिश सैन्यातील हिंदी शिपायांना फितवून हिंदुस्थानावर जमिनीच्या मार्गाने चाल करावी, अशी ही योजना होती. जर्मनीचे तिला साहाय्य होते. १९१५ पासून खानखोजे दक्षिण इराणमध्ये वावरत होते. तेथे आधीपासून असलेले क्रांतिकारक सूफी अंबाप्रसाद आणि इतर सहकारी यांच्यासह त्यांनी हिंदी स्वयंसेवकांचे पथक उभारले. स्थानिक टोळ्यांच्या, विशेषतः कश्काई टोळीच्या, मदतीने ब्रिटिश तुकड्यांशी चकमकी केल्या. सर पर्सी साइक्स यांच्या नेतृत्वाखालील दक्षिण इराणी सेनेपुढे या विखुरलेल्या प्रतिकाराचा टिकाव लागला नाही. सूफी अंबाप्रसाद यांचा शिराझ येथे अंत झाला. खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, निसटले आणि वेषांतर करून काही काळ भटक्या टोळ्यांच्या आश्रयाने राहिले.

युद्ध संपल्यावर ते युरोपात पोहोचले. बर्लिन येथे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याभोवती जमलेल्या हिंदी क्रांतिकारकांत ते होते आणि १९२१ मध्ये या गटाबरोबर ते मॉस्कोलाही गेले. गटागटांतील मतभेदांमुळे तेथून काही निष्पन्न झाले नाही. हिंदुस्थानात परतावे तर अटक निश्चित होती. ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव पक्के बसले होते. वय चाळिशीकडे झुकले होते आणि हाती शेतीशास्त्राच्या शिक्षणाखेरीज काही उरले नव्हते.

मेक्सिकोत

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोला गेले. अमेरिकेत शिकत असताना तेथे आश्रय घेतलेल्या मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांची ओळख झाली होती आणि १९१० च्या मेक्सिकन क्रांतीने ते प्रभावित झाले होते. या जुन्या ओळखी आता उपयोगी पडल्या. बंगालमधील क्रांतिकारक हेरंबलाल गुप्ता हे आधीपासूनच मेक्सिकोत आश्रयास होते. चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले.

तो काळ मेक्सिकोच्या शेतीत मोठ्या उलथापालथीचा होता. क्रांतीपूर्वी देशातील बहुतांश चांगली जमीन मोठ्या जहागीरदारांकडे होती. १९१७ च्या राज्यघटनेतील सत्ताविसाव्या कलमाने जमिनीच्या फेरवाटपाचा मार्ग मोकळा केला. जमिनीसाठी लढलेला शेतकरी नेता एमिलियानो सापाता १९१९ मध्ये मारला गेला असला तरी त्याचे नाव खेड्याखेड्यांत घेतले जात होते. चापिंगोचे विद्यालयही एका जुन्या जहागिरीच्या वाड्यातच भरत असे. जमीन हळूहळू कुळांच्या हाती येऊ लागली. पण नुसत्या जमिनीने पोट भरत नाही. बियाणे, अवजारे आणि माहिती यांचा प्रश्न तसाच होता. खानखोजे यांचे काम नेमके या जागी सुरू होते.

मक्यावरील संशोधन

मका हे मेक्सिकोचे मूळ पीक. चुन्याच्या निवळीत शिजवून वाटलेल्या मक्याची तोर्तिया ही तेथील भाकरी. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घेण्याची तेथील जुनी पद्धत ज्वारीत तूर पेरणाऱ्या वैदर्भीय माणसाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. जमीन जिरायती, पाऊस लहरी, शेतकरी गरीब आणि बियाणे घरचेच, हे सारे चित्र ओळखीचे होते.

हवामान मात्र वेगळे होते आणि त्याचा उलगडा करण्यासाठी नकाशाकडे पाहावे लागते. चापिंगो सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या किंचित दक्षिणेस. दोन्ही ठिकाणी दिवसाची लांबी वर्षभर जवळजवळ सारखीच असते. परंतु चापिंगोची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर आहे, त्यामुळे उष्ण कटिबंधात असूनही तेथे हिवाळ्यात दव गोठते. पाऊस उशिरा आला तर पेरणी लांबते, पेरणी लांबली तर कणसात दाणा भरण्याआधीच थंडी येते आणि पीक जाते. त्याच अक्षांशावर खाली समुद्रकिनाऱ्याकडे उतरले की दमट उष्णता आणि कीड यांचा त्रास सुरू होतो. युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत तयार झालेले वाण अशा प्रदेशात आणून लावले तर ते बहुधा फसते, कारण फुलोऱ्याची वेळ दिवसाच्या लांबीशी आणि रात्रीच्या तापमानाशी बांधलेली असते. महाबळेश्वरच्या पठारावर किंवा नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-कळवणच्या डोंगरी गावांत स्ट्रॉबेरी घेणाऱ्यांना आज याच अडचणीला तोंड द्यावे लागते. त्यांची रोपे मूळची कॅलिफोर्निया व फ्लोरिडातील वाणांची असतात आणि थंड रात्रींवरच त्यांचा बहर अवलंबून असतो. मेक्सिकोत स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले इरापुआतो हे गाव अक्षांशाने जवळजवळ वर्ध्याइतकेच आहे. तेथे ती पिकते ती उंचीमुळे.

अशा प्रदेशासाठी वाण बाहेरून आणण्याऐवजी तेथल्या तेथे घडवावे लागते. खानखोजे यांनी खेड्यापाड्यांतून मक्याची कणसे गोळा केली. मक्याच्या ताटावर शेंड्याला तुरा असतो, तो नर फुलोरा, आणि पानांच्या बगलेत कणीस असते, तो मादी फुलोरा. तुऱ्यातील पराग वाऱ्याने उडून शेजारच्या ताटांच्या कणसाच्या केसांवर पडतात. त्यामुळे मक्याचा संकर शेतात आपोआप सतत होत असतो आणि शेतकऱ्याने राखलेले बियाणे दोन-चार वर्षांत मिसळून जाते. पैदासकाराला हे थांबवावे लागते. कणसाचे केस बाहेर येण्यापूर्वी त्यावर कागदी पिशवी बांधायची, तुऱ्यालाही पिशवी घालून पराग गोळा करायचे आणि हव्या त्या ताटाचे पराग हव्या त्या कणसावर हाताने टाकायचे. त्यानंतर प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरून कोणती ओळ कोरड्या वर्षात तग धरते, कोणती लवकर पक्व होते याची नोंद ठेवायची. एका हंगामात एकच पाऊल पडते. चांगले वाण हाती येण्यास आठ-दहा वर्षे सहज जातात. उठावाची घाई असलेल्या माणसाने हे संथ काम पत्करले आणि तीन दशके केले, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

मक्याच्या शेताच्या कडेला मेक्सिकोत तेओसिन्ते नावाचे गवत उगवते. त्याला अनेक फुटवे येतात आणि प्रत्येकावर पाच-दहा कठीण दाण्यांची लहान कणसे लागतात. शेतकरी त्याला तण समजत, तरी काही भागांत मका त्याच्या शेजारी पेरला की बियाणे सुधारते अशीही समजूत होती. खानखोजे यांनी मका आणि तेओसिन्ते यांचा संकर करून एका ताटावर अनेक कणसे धरणारा मका मिळवण्याचे प्रयत्न केले. मका तेओसिन्तेपासूनच उत्क्रांत झाला की नाही, यावर त्या काळी शास्त्रज्ञांत मोठा वाद होता. अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ जॉर्ज बीडल तेओसिन्तेच्या बाजूने होते, तर पॉल मँगल्सडॉर्फ विरोधात. पुढे आनुवंशिक पुराव्याने तेओसिन्तेचा पक्ष खरा ठरला. मेक्सिकोच्या नैर्ऋत्य भागातील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने या गवतातून मका घडवला, असे आज मानले जाते. खानखोजे या वादात सैद्धांतिक बाजू मांडणारे नव्हते. रानटी नातलगाचा काटकपणा पिकात उतरवता येईल ही त्यांची दृष्टी मात्र आज पीक पैदासीत सर्वमान्य झाली आहे.

ग्रानादा नावाच्या विचित्र मक्यावरही त्यांनी अभ्यास केला. याचे कणीस एका दांड्याचे नसून बोटे फुटल्यासारखे अनेक भागांचे असते. नव्या मका वाणांवरील त्यांची पुस्तिका १९३० मध्ये आणि ग्रानादा मक्यावरील पुस्तिका १९३६ मध्ये स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाली. मक्याखेरीज गहू, कडधान्ये आणि रबर देणाऱ्या वनस्पतींवरही त्यांनी काम केले. थंडी व अवर्षण सोसणारे वाण ही या साऱ्या कामामागील समान दिशा होती.

मोफत शेतकी शाळा

विद्यालयात तयार झालेले ज्ञान चापिंगोच्या कुंपणाबाहेर जात नाही, हे खानखोजे यांच्या लवकरच ध्यानात आले. तेथे शिकणारी मुले पदवीधर होऊन सरकारी नोकरीत जात. ज्याला बियाण्याची निवड शिकायची गरज होती तो शेतकरी निरक्षर होता आणि दिवसा शेतात राबत होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस खानखोजे यांनी शेतकरी संघटनांच्या साहाय्याने तेश्कोको परिसरातील खेड्यांत मोफत शेतकी शाळा सुरू केल्या. यांतील एका शाळेला सापाताचे नाव देण्यात आले होते. शिक्षक वेतन न घेता शिकवत. कणीस कसे निवडावे, बियाणे कसे राखावे, जमिनीचा कस कसा टिकवावा हे प्रत्यक्ष शेतात दाखवले जाई. त्याला जोडून सहकार आणि लेखन-वाचनाचे धडे असत.

या शाळांची छायाचित्रे इटालियन छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी काढली. खानखोजे यांच्या मक्याच्या प्रदर्शनांची आणि कणसांचीही त्यांची छायाचित्रे आज कलासंग्रहांत आहेत. त्यांतून खानखोजे यांच्या शिकवण्याच्या पद्धतीची कल्पना येते. लहान कणीस आणि मोठे कणीस शेजारी शेजारी ठेवलेले असत. वाचता न येणाऱ्यालाही फरक कळावा, असा त्यामागे हेतू होता.

दिएगो रिव्हेरा यांची भित्तिचित्रे

प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा हे १९२४ ते १९२७ या काळात चापिंगो येथील जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवत होते. खानखोजे त्याच सुमारास तेथे रुजू झाले आणि दोघांचा स्नेह जुळला. मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेरा यांनी १९२८ मध्ये रंगवलेल्या एका चित्रात मेजाभोवती वेगवेगळ्या वर्णांची व वयांची माणसे बसली आहेत आणि मध्यभागी बसलेला पुरुष भाकरी मोडून वाटतो आहे. आपली रोजची भाकरी अशा अर्थाचे या चित्राचे नाव आहे. मध्यभागीचा पुरुष म्हणजे खानखोजे असे मानले जाते. भारतीय स्वातंत्र्यसैनिकाचे चित्र दुसऱ्या देशाच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर असण्याची उदाहरणे फारशी नाहीत, तरीही महाराष्ट्रात ही गोष्ट बराच काळ ठाऊक नव्हती.

कौटुंबिक जीवन

१९३६ मध्ये खानखोजे यांनी बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. तोपर्यंत घर सोडून तीस वर्षे होत आली होती. त्यांनी मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले होते आणि घरात स्पॅनिश बोलली जात असे.

भारतात परत

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, तेव्हा खानखोजे साठी ओलांडलेले होते. मायदेशी येण्यासाठी त्यांनी परवानगी मागितली असता ती प्रथम नाकारली गेली. ब्रिटिश राजवटीने बनवलेल्या काळ्या यादीतील नावे स्वतंत्र भारताच्या दप्तरातही तशीच राहिली होती. ज्या राज्याविरुद्ध त्यांनी शस्त्र धरले ते गेले होते, पण त्याचा कागद उरला होता. अखेर १९४९ मध्ये, तत्कालीन मध्य प्रांत सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक सल्ल्यासाठी, ते भारतात आले. वयाच्या विशीत सोडलेला प्रदेश त्यांनी पासष्टीच्या घरात पुन्हा पाहिला. ओळखीची माणसे थोडी राहिली होती.

काही वर्षांनी ते कुटुंबासह नागपूरला स्थायिक झाले. त्यांच्या अनुभवाचा राज्याच्या शेतीला जितका उपयोग करून घेता आला असता तितका करून घेतला गेला नाही. एक तर त्यांचे वय झाले होते. शिवाय त्यांचे सारे लेखन स्पॅनिशमध्ये होते आणि भारतातील शेतीसंशोधनाचे वर्तुळ इंग्रजीत चालणारे होते. चाळीस वर्षे देशाबाहेर असलेल्या माणसाची जागा येथे कोणी राखून ठेवलेली नव्हती. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

हरितक्रांती आणि खानखोजे

मराठीतील काही लेखांत खानखोजे यांना हरितक्रांतीचे जनक म्हटले जाते. असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही आणि त्यांच्या कीर्तीला त्याची गरजही नाही. भारतातील हरितक्रांती ज्या बुटक्या गव्हामुळे झाली त्याचा बुटकेपणा नोरिन १० या जपानी वाणातून आला. रॉकफेलर प्रतिष्ठान आणि मेक्सिको सरकार यांचा संयुक्त संशोधन कार्यक्रम १९४३ मध्ये सुरू झाला, १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग त्यात दाखल झाले आणि पुढील दोन दशकांत त्यांनी सोनोरा ६४, लेर्मा रोहो ६४ यांसारखे वाण तयार केले. त्यांत खानखोजे यांचा प्रत्यक्ष सहभाग दिसत नाही.

परंतु संबंध अगदीच नाही असेही म्हणता येत नाही. त्या कार्यक्रमाची प्रयोगशेती चापिंगो येथेच होती. तेथील ज्या मेक्सिकन कृषी पदवीधरांवर हा कार्यक्रम अवलंबून होता ती पिढी खानखोजे शिकवत असलेल्या विद्यालयातून बाहेर पडली होती. स्थानिक बियाण्यांचा संग्रह करावा आणि त्यांतून निवड करावी हा विचार त्यांनी या कार्यक्रमाच्या दीड दशक आधी मांडून प्रत्यक्षात आणला होता. दोन्ही कामांतील फरकही लक्षात घ्यावा लागतो. बोरलॉग यांचा गहू पाणी, खत आणि भांडवल मागणारा होता. खानखोजे यांचे लक्ष पाणी नसलेल्या आणि बियाणे विकत घेऊ न शकणाऱ्या शेतकऱ्याकडे होते. पहिल्या मार्गाने देशाची कोठारे भरली. दुसऱ्या मार्गावरचे प्रश्न विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यांपुढे अजून उभे आहेत.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले आणि त्या वर्षीच्या रब्बी हंगामात ते उत्तर भारतात पेरले गेले. जानेवारी १९६७ मध्ये खानखोजे यांचा नागपुरात मृत्यू झाला तेव्हा हा गहू शेतांत उभा होता. आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राची १९६६ मध्ये स्थापना झाली आणि ते चापिंगोपासून जवळच तेश्कोको परिसरात आहे.

चरित्रे आणि स्मारक

खानखोजे यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले असून आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन हे त्याचे नाव आहे. त्यांच्या इराण व मेक्सिकोतील जीवनाची बरीच माहिती या ग्रंथातूनच प्रथम वाचकांपुढे आली. मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. अमेरिकन कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची मराठी वाचकांना ओळख करून देणाऱ्या लेखिकेने खानखोजे यांच्याकडे वळावे, हा योग चांगलाच जुळून आला.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगो येथील शेतकी विद्यापीठाच्या आवारात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. रिव्हेरा यांनी रंगवलेले प्रार्थनागृह त्याच आवारात आहे.